हप्ता तोच, मुदत मात्र पाच वर्षांनी लांबली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या अर्थविषयक पानावर कर्जात अडकलेल्या कुटुंबांसाठी सल्ल्याचा लेख आला होता. हॉटेलात जाणं कमी करा, मोबाइलवरच्या सिनेमा-मालिकांच्या वर्गण्या बंद करा, आणि पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला काढा, असा त्याचा मथितार्थ. लेख मी शिलाई मशीनवर बसूनच वाचला आणि मला हसू आलं. जून २०२३ मध्ये आमच्या घरात येणाऱ्या शंभर रुपयांतले साठ नुसत्या हप्त्यांना जात होते. उरलेल्या चाळिसातून तीस रुपयांची हौस कशी काढायची, ते लेखकानेच सांगावं. हॉटेल म्हणाल तर आम्ही मुलांच्या वाढदिवसाला मिसळ खायला जातो. मुलं दोन, म्हणजे वर्षातून दोनदा.

लेखकाचा राग नाही. पण ज्या गोष्टीने आमचं खरं नुकसान झालं तिचा त्यात उल्लेखच नव्हता, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. आकडे पुष्कळ आहेत, पण ते घरचेच आहेत.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगी पॉलिटेक्निकला, मुलगा शाळेत, सासूबाई आमच्याकडेच. आधी सिडकोत भाड्याने राहायचो. मार्च २०२१ मध्ये फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्कातली सवलत ३१ मार्चला संपणार होती, त्यामुळे दस्त नोंदवायला ही गर्दी, आणि गृहकर्जाचा दर ६.९० टक्के. ‘इतका स्वस्त दर परत मिळायचा नाही,’ असं बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला होता. त्याचं खरं झालं. परत मिळाला नाहीच, आणि आम्हाला मिळालेलाही राहिला नाही.

कर्ज २२ लाख, मुदत १५ वर्षं, हप्ता १९,६५१ रुपये, शेवटचा हप्ता मार्च २०३६. त्याच वर्षी मिस्टर साठ पूर्ण करतात आणि कंपनीतून निवृत्त होतात. म्हणजे हार-तुरे आणि बँकेचा दाखला एकाच वर्षी घरी यायचे, असा आमचा हिशेब.

४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर (म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) चारवरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. आमचं कर्ज रेपोला बांधलेलं, त्यामुळे आमचा दर ६.९० वरून ९.४० झाला. हे आज मी फडाफडा सांगते. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की बँकेचा इंग्रजीत एसएमएस येतो, त्यात दर बदलल्याचं असतं, आणि खाली ‘तुमचा हप्ता बदललेला नाही’ असं असतं. टीव्हीवर तर रोज सांगत होते, हप्ते वाढणार, हप्ते वाढणार. आमचा वाढला नाही. मिस्टर म्हणाले, ‘अगं, आपली बँक चांगली निघाली.’ त्या संध्याकाळी ते पाव किलो पेढे घेऊन आले. खोटं वाटेल, पण खरंच आणले होते.

त्यातच ऑक्टोबर २०२२ मध्ये सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमची शिधापत्रिका पांढरी, त्यामुळे सरकारी योजनेत तेव्हा बसलो नाही. पतसंस्थेकडून दीड लाख काढले, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी, महिना ५,१२७. दोन जामीनदार लागले, दोघेही मिस्टरांच्या खात्यातले. धाकट्या दिरांनी पन्नास हजार हातउसने दिले. बाकीचं औषधपाणी, वॉकर, घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या बाईंचे पैसे असं सगळं क्रेडिट कार्डावर गेलं.

आता जून २०२३ चा महिना माझ्या वहीतून उतरवते. मिस्टरांचे हातात ३४,२००. माझे सरासरी १२,०००. ‘सरासरी’ म्हणते, कारण ज्येष्ठ-आषाढात माझं मशीन गप्प असतं आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. एकूण ४६,२००. त्यातून घराचा हप्ता १९,६५१, पतसंस्था ५,१२७, कार्डाची किमान रक्कम ३,१००. उरले १८,३२२. किराणा साडेपाच हजार, दूध अठराशे (कालनिर्णयवर खाडे मांडते, त्यात दहा-वीस रुपयांचा फरक पडतो), भाजी दोन हजार, पेट्रोल दोन हजार, सासूबाईंच्या गोळ्या अठराशे, विमा एकोणीसशे, लाइट चौदाशे, सोसायटी बाराशे, गॅस अकराशे, तिघांचे मोबाइल साडेसातशे. बेरीज १९,४५०. महिन्याची तूट ११२८ रुपये, आणि यात शाळा-कॉलेजची फी धरलेलीच नाही.

ही तूट कुठे जायची? कार्डावर. कार्डावर तेव्हा ६२,००० थकलेले होते. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,१७०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३९१. म्हणजे ३,१०० भरले की त्यातले २,५६१ व्याज-करात जायचे आणि मूळ रक्कम ५३९ रुपयांनी कमी व्हायची. त्याच महिन्यात ११२८ रुपयांचा किराणा पुन्हा त्याच कार्डावर. आम्ही दर महिन्याला न चुकता, वेळेवर, एकही हप्ता न बुडवता बुडत होतो.

घराच्या कर्जाचं कळलं ते आयकराचं विवरणपत्र भरताना. बँकेचा व्याजाचा दाखला लागतो, तो आणला. मला कागद जपायची सवय आहे, त्यामुळे आदल्या वर्षीचा दाखलाही फाइलमध्ये होता. दोन्ही शेजारी ठेवले. हप्ता दोन्ही वर्षी तोच, वर्षाला २,३५,८१२. पण पहिल्या वर्षी मुद्दल फिटलं होतं ८६,७२१ आणि दुसऱ्या वर्षी ६६,३३८. मी शिवणकाम करणारी बाई, बँकेतलं मला काही कळत नाही. पण कर्ज जसं जुनं होतं तसं मुद्दल जास्त फिटायला हवं, एवढं कळतं. हे उलटं कसं चाललंय?

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शेवटचा हप्ता, एप्रिल २०४१.

मी त्याला म्हटलं, तुमची चूक झालीय, २०३६ आहे. तो म्हणाला, ‘मॅडम, दर वाढला ना, हप्ता तोच ठेवलाय, म्हणून मुदत वाढली.’ अगदी सहज म्हणाला, जणू दुधाचा भाव सांगतोय.

घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर सगळं मांडून दाखवलं. पहिल्या महिन्याच्या १९,६५१ मध्ये व्याज होतं १२,६५० आणि मुद्दल ७,००१. एप्रिल २०२३ च्या तेवढ्याच हप्त्यात व्याज १६,०३४ आणि मुद्दल ३,६१७. मुद्दल निम्म्यावर आलं म्हणून कर्ज लांबलं. ६१ हप्ते जास्तीचे. ६१ गुणिले १९,६५१ म्हणजे बारा लाखांना जेमतेम तेराशे कमी. मुलीने मग उलटं गणित केलं. मुदत तीच ठेवून हप्ता वाढवला असता तर किती? महिना ३,१२६ जास्त. तेरा वर्षांत मिळून पावणेपाच लाखांच्या वर, पाच लाखांच्या आत. बारा लाख आणि पाच लाख. या दोन्हींतलं काय हवं, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. आम्ही पेढे खाल्ले.

मिस्टर त्या रात्री काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, ‘पासष्टाव्या वर्षी मला मशीनवर कोण उभं करणार?’

इथून पुढे जे केलं ते सगळं बरोबरच होतं असं नाही, पण केलं ते सांगते. माझ्याकडे पाटल्यांची जोडी होती, २५ ग्रॅमची, लग्नात सासूबाईंनी घातलेली. मिस्टर म्हणाले, गहाण ठेवू, म्हणजे दागिना आपलाच राहील. मी म्हटलं, गहाण ठेवला की आणखी एक हप्ता आला, आणि हप्ता ठेवायला आता वहीत ओळ शिल्लक नाही. जुलै २०२३ मध्ये मोडल्या. घट वजा जाता १,२७,००० हातात आले. त्याच दिवशी कार्डाचे ६२,००० भरले आणि कार्ड कात्रीने कापलं. कापड कापायची कात्री प्लास्टिकला लावली म्हणून धार गेली, ते वेगळंच.

उरलेल्या ६५,००० वरून घरात वाद झाला. मिस्टरांचं म्हणणं, पतसंस्थेत भरू, तिथे १४ टक्के व्याज आहे, भावाचे पैसे बिनव्याजी आहेत, ते शेवटी. गणिताने त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. पण बिनव्याजी पैशाचं व्याज कुठे भरावं लागतं ते त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. ते गौरीच्या पंगतीत भरावं लागतं. पैसे घेतल्यानंतर मी मुलीला तीनशेचा ड्रेस घेतला होता. जाऊबाईंनी तो हातात धरून ‘छान आहे हो, आणि महागातला दिसतोय’ असं चार बायकांत म्हटलं होतं. मी गौरीच्या आधी दिरांचे पन्नास हजार परत केले. पंधरा हजार बाजूला ठेवले, दुखण्याखुपण्याला, पुन्हा कार्ड काढायची वेळ येऊ नये म्हणून.

आता लोक विचारतात, सोनं का मोडलंस? २०२५ च्या दिवाळीत सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे गेलं. त्या पाटल्या तेव्हा अडीच लाखांच्या वर गेल्या असत्या. मीही रात्री जागून हा हिशेब केलाय. सोनं दुपटीहून थोडं जास्त झालं. कार्डाचं महिना साडेतीन टक्क्यांनी चक्रवाढ धरलं तर २८ महिन्यांत रुपयाचे दोन रुपये बासष्ट पैसे होतात, आणि जीएसटी वेगळा. म्हणजे कार्डाच्या ६२,००० पुरती मी जिंकले. दिरांच्या पन्नास हजारांपुरती हरले. त्या हरण्याचं मला वाईट वाटत नाही. यंदा गौरीला पुरणपोळी चवीने खाल्ली.

बँकेत आम्ही जूनमध्येच हप्ता वाढवून मागितला होता. ‘सिस्टीममध्ये तसं होत नाही’ असं उत्तर मिळालं. मग १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं. त्यात स्पष्ट लिहिलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. आणि ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत जुन्या कर्जांनाही ते लागू करायचं. मुलीने त्याची प्रिंट काढून दिली. ती घेऊन डिसेंबरअखेरीस पुन्हा शाखेत गेलो, आणि जे सिस्टीममध्ये होत नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. मधल्या नऊ महिन्यांत जास्तीचा आकडा ३,१२६ वरून ३,४६० झाला होता. जानेवारी २०२४ पासून हप्ता २३,१११ आणि शेवटचा महिना परत मार्च २०३६.

हे ३,४६० आले कुठून? बरेचसे त्या कापलेल्या कार्डाचेच. जे ३,१०० आम्ही कार्डावर भरत होतो तेवढ्यात घर जवळजवळ जागेवर येत होतं, हे मला आजही पचत नाही. बाकीसाठी मिस्टर कंपनीच्या बसने जायला लागले, मी अस्तराच्या ब्लाउजची शिलाई साडेतीनशेची चारशे केली. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्यातली एक परत आली. दुसरं म्हणजे माझी कमाई मी आता सरळ घरखर्चात मिसळत नाही. सगळी वेगळ्या खात्यात जाते आणि तिथून महिन्याला बारा हजारच घरात येतात, श्रावण असो की आषाढ. पूर्वी गणपतीत पैसा दिसायचा आणि आषाढात कार्ड बाहेर यायचं. आमच्या घरात उधळेपणा झाला असेल तर तो एवढाच.

पतसंस्थेचं सप्टेंबर २०२५ मध्ये फिटलं. मध्ये एकदा, लाइट बिल आणि फी एकदम आली तेव्हा, तिथला एक हप्ता पंधरा दिवस मागे पडला होता. नोटीस आम्हाला आली तशीच दोन्ही जामीनदारांच्या घरीही गेली. त्यातल्या एकाने कंपनीच्या बसमध्ये मिस्टरांशेजारी बसणं सोडलं. शेवटच्या हप्त्याची पावती मिस्टरांनी त्याला बसमध्येच दाखवली. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसला.

२०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो एक टक्क्याने उतरला, आमचा दर ८.४० झाला. या वेळी बँकेने विचारलं, हप्ता कमी करायचा का? मिस्टरांचं मन झालं होतं. मी २३,१११ तसाच ठेवायला लावला. त्यानंतर स्टेटमेंटवर शेवटचा महिना जून २०३५ दिसू लागला. नऊ महिने निवृत्तीच्या अलीकडे.

माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांना मी हल्ली मापं घेता घेता विचारते, घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कधी? हप्त्याची रक्कम सगळ्यांना पाठ असते. तारीख कुणालाच माहीत नसते. एकीला मी शाखेत पाठवलं तेव्हा कळलं, तिचं वीस वर्षांचं कर्ज पंचवीसच्या पुढे गेलंय. तिचे मिस्टर अजून तिच्यावरच चिडलेत, तू कशाला विचारायला गेलीस म्हणून. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बदलत्या दराच्या गृहकर्जात मधे जास्तीची रक्कम भरली तर बँकेला दंड लावता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. बोनसचे दहा हजार भरायचेत म्हणून घाबरत बसलेल्या दोन बायका मला भेटल्या.

माझं मागणं अगदी साधं आहे. परिपत्रकात असंही लिहिलंय की बँकेने दर तीन महिन्यांनी विवरण द्यायचं, त्यात मुद्दल-व्याज किती वसूल झालं, हप्ता किती, हप्ते किती उरले, ते कर्जदाराला सहज कळेल असं असावं. आमचं विवरण बँकेच्या अ‍ॅपमध्ये, चौथ्या पानावर, इंग्रजीत असतं. ऑक्टोबर २०२४ पासून नवीन कर्ज घेणाऱ्याला सगळ्या अटींचं पत्रक त्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. चांगलंच आहे. मग आमच्यासारख्या जुन्यांना निदान तो एसएमएस मराठीत का मिळू नये? तोही मोठा नको. ‘दर वाढला. हप्ता तोच ठेवल्यास कर्ज मार्च २०३६ ऐवजी एप्रिल २०४१ ला फिटेल. हप्ता ३,१२६ ने वाढवल्यास मार्च २०३६ लाच फिटेल. काय हवे ते कळवा.’ एवढा मजकूर २०२२-२३ मध्ये आमच्या मोबाइलवर आला असता तर मिस्टरांनी पेढ्यांऐवजी वही आणली असती.

आणि आपल्याला विनंती, अर्थविषयक पानावर पुढच्या वेळी हौसेच्या टक्क्यांऐवजी आपल्या कर्जाची शेवटची तारीख कशी काढायची, एवढं एका चौकटीत छापा. माझ्या दोन्ही दाखल्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, खाते क्रमांक खोडून. हवं तर कुणा जाणकाराकडून आकडे तपासून घ्या. मुलीने दोनदा तपासलेत.

माझं नाव मात्र छापू नका. पाटल्यांचं सासूबाईंना अजून माहीत नाही. लग्नकार्यात मी एक ग्रॅमच्या घालते आणि त्यांच्यापासून थोडी लांब बसते. आपला पेपर त्या रोज भिंग घेऊन पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचतात. खुब्यावरून आणि पाथर्डी फाट्यावरून त्यांना संशय येईलच. पण खाली नाव नसलं, तर दुसरी कुणीतरी असेल असं मला म्हणता येईल.

आपली,
एक वाचक, नाशिक